सबर म्हणाला तो सुगेंग

दिवाळी अंकांसाठी मी याआधीही लिहिलं आहे. सुएझच्या कालव्यात जहाजावर चढून घड्याळं विकणारे फेरीवाले, भर समुद्रात फसलेली पुरणपोळी, हॅम्बुर्गला दुकानदाराशी मराठीत भांडून जिंकलेला आमचा भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, हे सगळं वाचकांना आवडलं. पण प्रत्येक वेळी लेख पाठवताना मला माहीत असायचं की सांगायचं ते राहिलंय, आणि ते मी राहू दिलंय. यंदा संपादकांचा फोन आला तेव्हा म्हटलं, गमती संपल्या, एक खोटं तेवढं उरलंय, ते चालेल का? ते हसले. त्यांना वाटलं, हीसुद्धा गंमतच.

मी जहाजावरचा इंजिनियर. मूळचा नवी मुंबईतल्या करावे गावचा, आता पलीकडेच सीवूड्सला सोसायटीत राहतो. खाडीवरच्या घरातला मुलगा जहाजावर गेला म्हटल्यावर लोकांना वाटतं, रक्तातच समुद्र असणार. खरं सांगायचं तर इंजिनियरला समुद्र दिसतच नाही. तो पाण्याच्या पातळीखाली असतो, तीन मजली उंच इंजिनाशेजारी, कानाला बोळे लावून. पहिल्या सफरीनंतर घरी आलो तेव्हा आईने विचारलं होतं, काय काय पाहिलंस. म्हटलं, पाइप. ती म्हणाली, "समिंदरात जातोस न् समिंदर दिसत नाय? मंग घरीच बस की."

आईकडूनच 'सबूर' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. ओहोटीला होडी चिखलात रुतली की बापाची चिडचिड व्हायची, तो वल्ह्याने ढकलू बघायचा. आई टोपलीतल्या चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत म्हणायची, "सबूर करा. पानी आल्याबिगर व्होरी हालायची नाय." तेव्हा मला वाटायचं, हा आमच्या खाडीचाच शब्द. पुढे कळलं की तो शिर्डीच्या सबुरीतला, रिक्षांच्या पाठीवर लिहिलेला, आणि मुळात अरबी. अरबीतून फारसीत, तिथून दरबारात आणि दरबारातून आमच्या चिखलात. एवढंच असतं तर कोशातली नोंद म्हणून सोडून दिलं असतं. पण हा शब्द मला आणखी दोन ठिकाणी भेटला, आणि दोन्ही ठिकाणी त्याच माणसामुळे.

त्या माणसाचं नाव सुगेंग. जावा बेटावरचा. जहाज धान्य-कोळसा वाहणारं, मालक ग्रीक, अधिकारी बरेचसे आम्ही भारतीय, खलाशी इंडोनेशियाचे, आणि मागच्या बाजूला गावाचं नाव रंगवलेलं 'व्हॅलेटा', म्हणजे झेंडा माल्टाचा. ही खिचडी आमच्या धंद्यात नेहमीची. जहाज जिथे नोंदवतात तिथला झेंडा लागतो, मग ते त्या बंदरात आयुष्यात एकदाही गेलेलं नसलं तरी चालतं. मी तिथे सेकंड इंजिनियर होतो. चीफच्या खालचा, पण रोजचं काम करून घेणारा. सुगेंग फिटर. आपल्याकडच्या जहाजांवर त्याला मिस्त्री म्हणतात, म्हणून मीही त्याला मिस्त्री म्हणायचो. तो माझ्याहून वयाने मोठा, बुटका, बोलताना मान किंचित खाली घालणारा. मला तो 'पाक' म्हणायचा. पाक म्हणजे बापाक, बाप. साहेबालाही ते तसंच म्हणतात आणि शेवटचा 'क' गिळून टाकतात.

तो दर दोन वाक्यांमागे 'सबर' म्हणायचा. जेवणाच्या रांगेत कुणी पुढे घुसलं, सबर. वेल्डिंगची कांडी चिकटली, सबर. बोसन म्हणजे खलाशांचा मुकादम, तो दुसऱ्या बेटावरचा. त्याच्याशी सुगेंग इंडोनेशियन बोलायचा, कारण ती साऱ्या देशाची भाषा. तिथे 'सबर' म्हणजे थांब जरा, दम धर, चिडू नकोस. पण आपल्या गावच्या पोराशी तो जावानीजमध्ये बोलायला लागला की त्याच शब्दाचं वजन बदलायचं. त्याने मला एकदा समजावून सांगितलं होतं. त्याच्या आजीने त्याच्यासाठी मुलगी बघितली तेव्हा रंग विचारला नाही, घर विचारलं नाही; विचारलं, सबर आहे का? म्हणजे चिडावं असं घडलं तरी मन ऐसपैस ठेवणारी. मी विचारलं, मग निघाली का तशी? तो म्हणाला, "ती निघाली, पाक. मी नाही निघालो." आणि स्वतःच हसला. आमच्या आईचा शब्द जावातल्या कुणाच्या आजीकडेही आहे, याची मला मौज वाटली होती. अरब व्यापारी तो तिकडे घेऊन गेले असणार.

सारखं सबर म्हणणाऱ्या माणसाचा एक तोटा असतो. तो खरंच थांब म्हणतो तेव्हा कुणाला ऐकू जात नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो, आणि त्यासाठी थोडं इंजिन सांगावं लागेल. मोठ्या इंजिनाच्या पोटाला आम्ही क्रँककेस म्हणतो. आत वजनदार दांडे फिरतात, त्यांच्यावर तेलाचा मारा चालू असतो. एखादं बेअरिंग तापलं की तेलाची वाफ होऊन आत धुकं साठतं. ते बंद असतं तोवर त्याला पुरेशी हवा मिळत नाही. अशा वेळी यंत्र भोंगा वाजवतं, आम्ही इंजिन थांबवतो, आणि मग करायची गोष्ट एकच, काही न करणं. निदान अर्धा तास दार उघडायचं नाही, जवळ फिरकायचं नाही, सगळं निवू द्यायचं. तापलेल्या पोटाचं दार उघडलं तर हवा आत घुसते आणि भडका उडतो. हे पहिल्याच परीक्षेत विचारतात. आमच्या इंजिनरूमच्या भिंतीवर ते लाल अक्षरांत लावलेलं होतं, आणि ती पाटी मीच लावून घेतली होती.

आम्ही माल्टाच्या जवळ होतो. भोंगा वाजला, इंजिन थांबवलं. वर जहाजांची गर्दी होती, कॅप्टन फोनवर विचारत होता, किती वेळ लागेल. चीफ रात्रभर जागून नुकताच आडवा झाला होता. त्याला उठवलं होतं आणि तो कपडे चढवून खाली येत होता. त्या सफरीनंतर त्याच्या शिफारशीवर मी चीफ होणार होतो. तो खाली येईल तेव्हा बिघाड कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला नियम माहीत नव्हता असं नाही. मला दुसऱ्यांसाठी नियम माहीत होता.

इंजिनाच्या बाजूवर मी हात ठेवून पाहिला. एका दारापाशी जास्त गरम लागलं. म्हटलं, मिस्त्री, हे उघड.

सुगेंगने हातमोजे घातले, पाना उचलला आणि तसाच उभा राहिला. "सबर, पाक," तो म्हणाला. "पनास." पनास म्हणजे गरम.

मी म्हटलं, गरम आहे म्हणूनच बघायचंय.

"सबर, पाक."

"उघड. जबाबदारी माझी."

जबाबदारी माझी. हे शब्द जसेच्या तसे आठवतात, कारण नंतर मी ते कुणालाही सांगितले नाहीत. त्याने मान खाली घातली आणि नट सैल करायला लागला. दार पुरतं निघालंही नव्हतं, तोच भडका उडाला. भडका फार मोठा नव्हता. इंजिन जागेवर राहिलं, जहाज जागेवर राहिलं. पण दारासमोर तो होता आणि त्याच्यामागे मी. त्याच्या अंगाची सावली जिथवर पडली तिथवर मी वाचलो. माझ्या कोपराला फोड आला, तेवढाच.

त्याला हेलिकॉप्टरने माल्टाच्या इस्पितळात नेलं. जहाज ओढून बंदरात आणलं आणि दुसऱ्या दिवशी मला त्याला भेटायला सोडलं. वॉर्डाबाहेर मी भिंतीला टेकून रडत होतो. एक वयस्कर नर्स आली. तिचं नाव जूझा, छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, स्वतःच्या भाषेत काहीतरी म्हणाली, आणि त्यात 'सबर' होतं.

मी दचकून विचारलं, हा शब्द तुला कुणी सांगितला? तिला वाटलं, धक्क्याने माझं डोकं फिरलंय. म्हणाली, आमचाच आहे. माल्टी भाषा मुळात अरबीच्या घरातली, वरून इटालियनचं लुगडं नेसलेली, हे मला पुढे वाचून कळलं. जूझाने साधंच सांगितलं. धीर धर म्हणायचं असेल तर आम्ही बहुतेक इटालियन शब्द वापरतो. 'सबर' मात्र दुःखातल्या माणसाला मिळणारा दिलासा. रस्त्याकडेच्या घायपातालाही 'सब्बारा' म्हणतात, ती म्हणाली, पाणी नसलं तरी तग धरून उभं राहतं. मग वॉर्डाच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाली, "तुझा माणूस आत आहे. त्याला जाऊन सबर दे. इथे उभा राहून स्वतःला देऊ नकोस."

मी आत गेलो. सुगेंगच्या डोळ्यांवर पट्ट्या, हात कापसात. पावलांवरून त्याने ओळखलं. पहिला प्रश्न केला, "पाक, तुम्ही भाजलात?" म्हटलं, नाही. तो म्हणाला, "चांगलं." मग विचारलं, "काय झालं? मला काही आठवत नाही. भोंगा आठवतो. मग इथेच."

तेव्हा सांगायचं होतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तो ऐकत होता, त्याला बघता येत नव्हतं, माझा चेहरासुद्धा मध्ये येणार नव्हता. आणि मी म्हटलं, "सबर, मिस्त्री. नंतर सांगतो."

जहाजावर परत आलो तर कंपनीचा सुपरिंटेंडंट, म्हणजे किनाऱ्यावरून जहाजांवर नजर ठेवणारा साहेब, येऊन बसला होता. चीफही होता. साहेबाने कॉफी मागवली आणि म्हणाला, मला एकच कळायला हवं, दार उघडायला कोणी सांगितलं?

मी म्हटलं, "कोणीच नाही. मी थांब म्हणालो होतो. दोनदा. त्याने ऐकलं नाही."

माणूस खोटं बोलतो तेव्हा नवीन काही बनवतो असं आपल्याला वाटतं. मी काहीच बनवलं नाही. त्याचे शब्द माझ्या तोंडी घातले, माझी घाई त्याच्या हाती दिली. बाकी सगळं तंतोतंत खरं होतं. चीफने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कॉफीचा कप सरळ केला.

सुगेंगचा एक डोळा गेला, उजव्या हाताची बोटं आखडली. अशा माणसालाही किनाऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये काम मिळतं, जुन्या मिस्त्रीला कोणी टाकत नाही. पण हुकमाविरुद्ध दार उघडणारा, असा शेरा ज्याच्यावर बसला त्याला कोण घेणार? तो गावी गेला. मी पुढच्याच सफरीला चीफ झालो. चांगला चीफ झालो, हेही लिहितो, कारण ते खरं आहे. माझ्या हाताखाली पुन्हा कुणी भाजलं नाही. एवढ्याने फिटलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो.

निवृत्तीनंतर महापेला जहाजावरच्या लोकांना शिकवणाऱ्या एका संस्थेत तास घ्यायला लागलो. सुरक्षेचा विषय. आणि आता जे लिहितो ते त्या खोट्याहूनही लाजिरवाणं आहे. मी तिथे सुगेंगची गोष्ट उदाहरण म्हणून सांगायचो. नाव न घेता. 'एक फिटर होता, वरिष्ठाने थांब सांगूनही त्याने दार उघडलं.' वर्ग वहीत लिहून घ्यायचा. दर तुकडीला सांगून सांगून गोष्ट घोटीव झाली होती, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं बसलेलं. मलाच ती खरी वाटायला लागली होती.

ती मोडली आमच्या हिराने, माझ्या बायकोने. एका सकाळी तासाची तयारी म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात मोठ्याने बोलत होतो. ती माझा चहा ठेवत होती. 'मी त्याला थांब म्हणालो' इथे आल्यावर ती वळली.

"तुमी? थांब बोललात?"

"हो. का?"

"आपलं लगीन झाल्यापासना मी तुमच्या तोंडून थांब ऐकला नाय. हा चाय बघा. उकळाच्या आधी गाळनी हातात घेऊन उभे हाव."

खरोखरच माझ्या हातात गाळणी होती. ती हसत होती, थट्टाच करत होती. मग माझ्याकडे बघून तिचं हसणं थांबलं. तिने गॅस बंद केला आणि विचारलं, "कोन बोललावता थांब?"

मी सांगितलं. सगळं, पहिल्यांदाच. ती ऐकत होती. मला वाटलं रागावेल, किंवा जाऊ दे म्हणेल. तिने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. "मना सांगून काय व्हनार?" म्हणाली. "त्याला सांगा."

मी कामाला लागलो. जुन्या सोबत्यांकडून बोसनचा नंबर, बोसनकडून सुगेंगच्या गावचा. त्याची मुलगी वाती गावात खाणावळ चालवते, तिला थोडं इंग्रजी येतं. जुन्या ओळखीच्या एका जावानीज कुकला फोन करून मी माफी कशी मागायची ते शिकलो. तो म्हणाला, बरोबरीच्या माणसाला 'माआफ' पुरतं, आपलाच 'माफ' तो. पण ज्याला मान द्यायचा त्याच्यापुढे जावानीजमध्ये वेगळे शब्द लागतात, 'न्युवुन पंगापुंतन'. त्या भाषेत नम्रतेचे मजले असतात आणि हा वरचा मजला. गॅलरीत फेऱ्या मारत मी ते पाठ केलं. समोरच्या बिल्डिंगमधल्यांना वाटलं असेल, म्हातारा मंत्र म्हणतो.

फोन लागला. वातीने फोन बापाच्या कानाला धरला. आवाज पातळ झालेला, पण तोच. "पाक सेकंड," तो म्हणाला, आणि माझं नाव घेतलं. मी प्रकृती विचारली. त्याने माझी विचारली. मी म्हटलं, मिस्त्री, मला तुला एक सांगायचंय. तो म्हणाला, आधी मला सांगू द्या, मी खूप वर्षं वाट बघतोय.

आणि म्हणाला, "माआफ, पाक. तुम्ही थांब सांगितलं, मी ऐकलं नाही. मला चौकशीचा कागद वाचून दाखवला कंपनीवाल्यांनी. मला आठवत नाही, पण तुम्ही खोटं कशाला सांगाल? तुमचाही जीव गेला असता. मी नातवंडांना सांगतो, बघा माझा हात, सबर नव्हतं म्हणून असा झाला."

हे त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, पण 'माआफ' या शब्दाला भाषांतर लागत नाही. तो सरळ आत गेला. ज्याच्या आजीने नातसून निवडताना सबर विचारलं, तो माणूस सबर नसलेला म्हणून इतकी वर्षं स्वतःच्या घरात राहिला होता. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून.

मी काय म्हणालो? "तिडाक आपा-आपा." काही हरकत नाही. मी त्याला क्षमा केली. मग पाऊस, भात, नातवंडं असं काहीबाही बोललो, पुन्हा फोन करतो म्हणालो आणि ठेवला. हिरा दारात उभी होती. माझा चेहरा बघून ती आत गेली.

पुन्हा फोन करायला मी पाऊसभर वेळ लावला. रोज ठरवायचो. अखेर केला तेव्हा वातीने सांगितलं, बापाक गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. तुमचा फोन आल्यापासून खूश होते, म्हणाली. पाक सेकंडने मला माफ केलं, असं सगळ्यांना सांगत होते.

आता जे करता येण्यासारखं आहे ते करतो आहे. महापेला जाऊन पुढच्या तुकडीला खरी गोष्ट सांगितली, नाव घेऊन, दोघांचंही. एक जण म्हणाला, सर, मग तुम्हाला शिकवायला कसं ठेवलं? रास्त प्रश्न होता. संस्थेला मी तसं कळवलं आहे, ठेवायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. कंपनी केव्हाच विकली गेली, तरी तिची कागदपत्रं ज्यांच्याकडे असतील त्यांना आणि माल्टाच्या नोंदणी कार्यालयाला माझा नवा जबाब पाठवला आहे. वातीलाही सगळं इंडोनेशियनमध्ये लिहून घेऊन पाठवलं, म्हणजे तिची मुलं आजोबांच्या हाताची खरी गोष्ट सांगतील. तिचं उत्तर आलेलं नाही. यावं असंही वाटतं, येऊ नये असंही. पण तिने काहीही कळवलं तरी ती तिची गोष्ट. माफी तिच्याकडे मागायची नव्हती. ज्याच्याकडे मागायची होती तो ऐकायला उरला नाही, आणि पाठ केलेलं वाक्य अजून माझ्या तोंडात आहे. ते इथे लिहितो.

पाक सुगेंग, उघड म्हणालो तो मी. थांबा म्हणालात ते तुम्ही, दोनदा. तुमची काहीही चूक नव्हती. न्युवुन पंगापुंतन.